टेम्स ते हार्टलपूल: जुन्या इंग्रजी नौकाशब्दांच्या वाटेवर

इंग्लंडला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक लंडन, स्टोनहेंज, ऑक्सफर्ड, जमलं तर एडिनबरा एवढं करून परततात. ही फेरी मात्र जुन्या इंग्रजीतल्या होडी, जहाज आणि लाकडी फळी यांच्या शब्दांसाठी आखली होती. जुनी इंग्रजी म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकात इंग्लंडात बोलली जाणारी भाषा. हे शब्द कोशात मिळतात, पण ते ज्या लाकडातून निघाले ते लाकूड समोर असल्याशिवाय त्यांचा अर्थ पुरता लागत नाही. म्हणून वाट ठरली ती अशी: लंडनमधलं हस्तलिखित आणि टेम्सचे धक्के, सफोक परगण्यातलं सटन हू, जिथे समाधी म्हणून पुरलेलं जहाज सापडलं ती जागा, आणि शेजारचं वुडब्रिज, मग उत्तरेला टाइन नदी, आणि शेवटी हार्टलपूल. तिथे मुंबईत बांधलेलं एक जहाज अजून पाण्यावर आहे.

महिना सप्टेंबरचा धरा. शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते आणि उजेड संध्याकाळी सातपर्यंत पुरतो. वाऱ्याला अडवणारं जाकीट आणि चिखल चालेल असे बूट हवेतच.

खालचे जुने शब्द उच्चाराच्या जवळ जाईल अशा बेताने देवनागरीत लिहिले आहेत. 'शिप' हा शब्द हजार वर्षांपूर्वीही 'शिप'च होता, फक्त लिहिताना 'स्किप' असा लिहीत.

सोमवार: लंडन, ब्रिटिश लायब्ररी

किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस स्थानकांच्या शेजारीच ब्रिटिश लायब्ररी आहे. तिथल्या दुर्मीळ ग्रंथांच्या दालनाला तिकीट नाही. उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, डोळे सरावायला दोन-चार मिनिटं द्या. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्याचं जगातलं एकमेव हस्तलिखित याच लायब्ररीत आहे. ते इसवी सन 1000च्या आसपास लिहिलं गेलं आणि 1731च्या आगीत त्याच्या कडा होरपळल्या. मांडलेलं असेल तेव्हाही पान कुठलं उघडं असेल ते सांगता येत नाही, म्हणून जायच्या आधी चौकशी करा आणि मूळ ओळी छापून सोबत न्या.

नौकेसाठी या काव्यात शब्दांची रेलचेल आहे. शिप, बात, नाका, चेओल, फ्लोता हे सुटे शब्द झाले, त्याखेरीज जोडशब्द वेगळेच. 'सुंदवुदु' म्हणजे समुद्रावरचं लाकूड. 'यूथलिदा' म्हणजे लाटांवरून जाणारी. 'वुंदेनस्टेव्ना' म्हणजे वळवलेल्या नाळेची, नाळ म्हणजे नौकेचं वर झुकलेलं टोक. एका ठिकाणी वाळूवर ओढून ठेवलेल्या नौकेला 'नुकतंच डांबर फासलेली' असं विशेषण आहे. कवीला जहाजाची निगा माहीत होती, हे त्या एका शब्दावरून कळतं. फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून झाडाच्या राळेचं डांबर वरचेवर लावावं लागे, आणि ताजं डांबर म्हणजे प्रवासाला तयार नौका. 'वुदु', म्हणजे नुसतं लाकूड, हाही जहाजासाठीचा शब्द होता.

दुपारी चालत ब्रिटिश म्युझियमला जाता येतं. 41 क्रमांकाच्या दालनात सटन हूचा शिरस्त्राणासह सगळा ऐवज आहे. तो बुधवारच्या आधी पाहिलेला बरा, कारण समाधीच्या जागेवर बहुतेक प्रतिकृती आहेत, मूळ वस्तू इथे.

मंगळवार: टेम्सचे 'हाइद'

'ह्यूथ' म्हणजे नौका लावण्याची जागा, छोटा धक्का. आज हा शब्द बोलण्यातून गेला, पण लंडनच्या नकाशात भरून उरला आहे. रॉदरहाइद, क्वीनहाइद, ग्रीनहाइद यांत तो उघड दिसतो. लँबेथमध्ये तो दडलेला आहे: कोकरं उतरवायचा धक्का. पटनी आणि एरिथ यांच्याही शेपटीला तोच आहे. चेल्सी म्हणजे चुनखडी उतरवायचा धक्का, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रॉदरहाइदच्या पहिल्या भागाबद्दल मात्र दोन मतं आहेत, कुणी तो गुरांच्या शब्दाशी जोडतं, कुणी नावाड्यांच्या. कुठल्या धक्क्यावर कुठला माल उतरे, हे लंडनच्या लोकल गाडीच्या पाट्या वाचतानाच कळत जातं.

चालायचं असेल तर क्वीनहाइदपासून सुरुवात करा. साउथवर्क पुलापासून थोडं प्रवाहाच्या वरच्या बाजूला, उत्तर काठाला नदीत शिरलेली एक चौकोनी खाच आहे. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या काळातल्या सनदांत ही जागा 'एथेलरेडचा ह्यूथ' म्हणून येते. पुढे बाराव्या शतकात ती राणीकडे गेली आणि नाव बदललं. शेजारच्या उत्खननांत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. मोडीत निघालेल्या नौकांच्या फळ्या फेकून न देता धक्क्याची भिंत बांधायला वापरल्या होत्या. ओकची चांगली फळी तयार करायला किती मेहनत पडते ते गुरुवारी पाहिल्यावर यात नवल वाटत नाही.

ओहोटीची वेळ पाहूनच जा. लंडनमध्ये टेम्सच्या भरती-ओहोटीत उधाणाला सहा-सात मीटरचा फरक पडतो, आणि भरतीला क्वीनहाइदमध्ये नुसतं तपकिरी पाणी दिसतं. नदीच्या उघड्या पात्रात काही शोधायचं किंवा उचलायचं असेल तर बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. क्वीनहाइद तर संरक्षित आहे, वरूनच पाहा. उतरायच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ असतं, आणि पाणी वाटतं त्यापेक्षा फार वेगाने चढतं.

बुधवार: सटन हू

लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून इप्सविच, तिथे गाडी बदलून मेल्टन. मेल्टनहून सटन हू सुमारे दोन किलोमीटर, रस्ता चढाचा. तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात.

प्रवेशाच्या अंगणातच जहाजाच्या आकाराची पूर्ण लांबीची पोलादी रचना उभी केली आहे. सत्तावीस मीटर म्हणजे किती, हे तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेल्याशिवाय उमगत नाही. रुंदी मध्यभागी साडेचार मीटरच्या आतबाहेर. वल्हेकरी चाळीस.

मूळ जहाज मात्र इथे नाही, कुठेच नाही. 1939च्या उन्हाळ्यात जमिनीच्या मालकीणबाई एडिथ प्रिटी यांच्या सांगण्यावरून बेसिल ब्राउन यांनी मोठा टेकाड खणायला घेतला तेव्हा तिथल्या आम्लधर्मी वाळूने सगळं लाकूड खाऊन टाकलं होतं. उरले होते लोखंडी रिव्हेट, म्हणजे फळ्या जोडणारे खिळे, आणि वाळूवर उमटलेला फळ्यांचा ठसा. ब्राउन यांनी आदल्या वर्षी दुसऱ्या टेकाडात असेच रिव्हेट पाहिले होते, आणि जवळच्या स्नेप गावी 1862मध्ये निघालेल्या जहाजाचे रिव्हेटही जाऊन पाहिले होते. त्यामुळे पहिला गंजका तुकडा हाती लागताच काम थांबवायचं, रिव्हेट जागचा हलवायचा नाही आणि आतून वाळू ब्रशने झाडत जायचं, हे त्यांनी लगेच ठरवलं. एकही रिव्हेट उपसला असता तर फळीची रेघ तिथेच तुटली असती. जागच्या जागी राहिलेल्या रांगांवरून प्रत्येक बाजूला फळ्यांचे नऊ थर आणि आत सव्वीस फासळ्या होत्या हे मोजता आलं. युद्धकाळात ही जागा लष्करी सरावाला गेली. 1960च्या दशकात ब्रिटिश म्युझियमने पुन्हा खोदकाम करून ठशाचा प्लास्टरमध्ये साचा काढला.

आता या ठशातला एक बारकावा, ज्याच्यासाठी इथवर यायचं. जहाजाच्या मागच्या टोकाकडे, उजव्या बाजूच्या फासळ्या जास्त जाड आणि रुंद होत्या. डाव्या बाजूला तसं नाही. कारण सुकाणू तेव्हा मागे मधोमध नसे. उजव्या कडेला एक मोठं वल्हं बांधलेलं असे आणि सुकाण्या ते धरून उभा राही. पाण्याचा सगळा ताण त्याच कडेवर येई, म्हणून तिथलं लाकूड मजबूत. 'स्टेऑर' म्हणजे सुकाणू, 'बोर्द' म्हणजे जहाजाची कड. स्टेऑर्बोर्द, आजचं स्टारबोर्ड, म्हणजे उजवी बाजू.

डावी बाजू 'बॅक्बोर्द', कारण वल्हं दोन्ही हातांनी धरलेल्या माणसाची पाठ तिकडे होई. आल्फ्रेडच्या दरबारात ओथेरे नावाच्या नॉर्वेच्या दर्यावर्द्याने आपल्या उत्तरेच्या सफरीची हकिगत सांगितली ती जुन्या इंग्रजीत टिपलेली आहे. तीन दिवस ओसाड किनारा स्टेऑर्बोर्दला आणि मोकळा समुद्र बॅक्बोर्दला राहिला, असं तो सांगतो. नकाशा घेऊन बसलं की तो नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला चालला होता हे एवढ्यावरूनच पडताळता येतं.

पुढे इंग्रजीने बॅक्बोर्द टाकून दिला. धक्क्याला जहाज लावताना सुकाणूचं वल्हं चिरडू नये म्हणून डावी कड किनाऱ्याला लागे आणि माल तिथूनच चढे. त्यामुळे माल चढवायची बाजू असा नवा शब्द रुळला, आणि त्याचा लार्बोर्ड झाला. वादळात ओरडून दिलेल्या हुकमात स्टारबोर्ड आणि लार्बोर्ड यांचा घोळ होई. म्हणून 1844मध्ये ब्रिटिश आरमाराने लार्बोर्ड बंद करून 'पोर्ट' सक्तीचा केला. बॅक्बोर्दचे भाऊबंद जर्मन आणि डच भाषांत जिवंत आहेत, आणि फ्रेंचमधून पोर्तुगीजांतही गेले. गोव्याच्या बंदरात शिरणाऱ्या पोर्तुगीज जहाजांवर डाव्या-उजव्या बाजूंना बोंबोर्दो आणि एस्तिबोर्दो म्हणत, ते याच घराण्यातले.

टेकाडांच्या कडेला सतरा मीटर उंचीचा मनोरा 2021पासून खुला आहे. वर जायच्या वेळा ठरावीक असतात, म्हणून पोचल्या पोचल्या चौकशी करा. वरून खाली डेबेन नदी दिसते आणि जहाज नदीतून काढून या चढावर ओढत आणायला काय लागलं असेल याचा अंदाज येतो. वारा इथे दिवसभर असतो. ऊन आहे म्हणून जाकीट गाडीत ठेवू नका.

गुरुवार: वुडब्रिज

वुडब्रिज हे डेबेनच्या काठचं छोटं गाव, सटन हूच्या समोरच्या तीरावर. इथे नदीकाठच्या लाँगशेड नावाच्या लांबलचक शेडमध्ये सटन हूच्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती स्वयंसेवकांच्या हातून घडते आहे. ही जागा पाहायला लागेल तेवढा वेळ द्या, अर्धा दिवसही कमीच पडतो. लोकांना आत घ्यायचे दिवस ठरलेले असतात, ते पाहून मगच बाकीचा प्रवास आखा.

काम करणारे बरेचसे निवृत्त लोक, कुणी आयुष्यभर सुतारकाम केलेलं, कुणी लाकडाला कधी हात न लावलेलं. विचारलं की हातातलं काम थांबवून दाखवतात. 'फळी कशी काढता' हा पहिला प्रश्न विचारा, कारण पुढचं सगळं त्यावरून उलगडतं.

करवत वापरायची नाही. सरळ वाढलेला, खालून फांद्या नसलेला, मीटरभर जाडीचा ओलाच ओक घ्यायचा. वाळलेला ओक कुऱ्हाडीला दाद देत नाही. ओंडक्याच्या तोंडावर मध्यबिंदूतून जाणारी रेघ धरून पाचरी ठोकायच्या, म्हणजे दोन फाका होतात. त्या पुन्हा मधोमध फोडायच्या, चार, मग आठ, मग सोळा. प्रत्येक फाक केंद्राकडे निमुळती आणि सालीकडे जाड. तिचा निमुळता गाभा आणि बाहेरचं कोवळं लाकूड काढून टाकायचं, आणि कुऱ्हाडीने दोन्ही अंगं तासत इंचभर जाडीची फळी करायची. फाकेतलं निम्म्याहून जास्त लाकूड ढलप्यांत जातं. पण जी फळी उरते तिच्यात धागे टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात. करवतीची फळी धागे आडवे कापून निघते. म्हणून फोडलेली पातळ फळीही लाटेला वाकते पण मोडत नाही, आणि वाळताना तिला पीळ कमी पडतो.

कुठे बिघडतं तेही विचारून घेतलं. झाड वाढताना पिळलं असेल तर फाकही पिळलेलीच निघते, एक टोक आडवं तर दुसरं उभं, आणि ती सरळ करायला जाडी उरत नाही. सालीवरच्या भेगा तिरप्या चालल्या असतील तर ते झाड घ्यायचंच नाही. आत बुजलेली गाठ लागली की भेग तिला वळसा घालून बाहेर पळते. फोडताना एक बाजू जाड होऊ लागली तर जाड बाजूवर दाब देऊन भेग परत मध्यावर आणतात, आणि आडवे तटलेले धागे कुऱ्हाडीने लगेच तोडतात. तेवढ्यात चुकलं तर एका झाडाची आठवी फाक जळणात जाते.

फळीला जुने शब्द दोन: बोर्द आणि थेल. 'प्लँक' नंतर फ्रेंचांकडून आला. थेलचा डच-जर्मन भाऊ म्हणजे लाकूडबाजारातला 'डील', देवदारी फळ्यांचा. बोर्दचा संसार मात्र मोठा. फळी, जहाजाची कड, ढाल आणि जेवणाचं मेज, सगळं बोर्द. ढालींची तटबंदी ती 'बोर्दवेआल'. मेजावरच्या जेवणावरून बोर्डिंग आलं, मेजाभोवती बसणाऱ्या मंडळावरून आपल्या दहावी-बारावीचं बोर्ड. फळ्याला ब्लॅकबोर्ड म्हणताना तर आपण मूळ अर्थालाच जाऊन भिडतो.

आता जोडणी. आधी कणा, म्हणजे तळाशी मधोमध जाणारं लांब लाकूड. सटन हूच्या जहाजात तो खोल नव्हता, जाड फळीसारखाच होता. दोन्ही टोकांना 'स्टेव्न', म्हणजे नाळेचं वर झुकलेलं लाकूड. मग तळापासून फळ्यांचे थर चढवत जायचे, प्रत्येक थराची खालची कड आधीच्या थरावर काही सेंटिमीटर चढवून. फासळ्या नंतर, फळ्यांचं कवच तयार झाल्यावर आतून बसतात. आजच्या इंग्रजीत जहाजाच्या अंगाला 'हल' म्हणतात आणि तो शब्द जुन्या 'हुलु'शी, म्हणजे शेंगेच्या टरफलाशी, जोडतात. कवच आधी आणि फासळ्या मागून हा क्रम पाहिला की ते नाव पटतं.

दोन फळ्या जिथे एकमेकींवर चढतात तिथे आत लोकर किंवा जनावराचे केस डांबरात भिजवून घालतात आणि रिव्हेट मारतात. एकच रिव्हेट मारताना जवळून पाहा. गिरमिटाने भोक पाडतात, खिळ्यापेक्षा किंचित लहान. खिळा बाहेरून आत येतो, त्याचं गोल डोकं बाहेर राहतं. आतून त्याच्या टोकावर लोखंडाची छोटी चौकोनी चकती घालून फळीला टेकेपर्यंत ठोकून बसवतात. उरलेलं टोक चकतीवर दोन-तीन मिलिमीटर ठेवून छाटतात. मग बाहेरचा माणूस डोक्यावर जड लोखंड दाबून धरतो आणि आतला हलक्या हातोडीने, बारीक-बारीक ठोके देत, टोक चकतीवर पसरवतो. जोराचा एकच घाव घातला तर खिळा फळीच्या आतल्या आत वाकतो. वरून बरा दिसतो, पण सांधा ढिला राहतो आणि जहाज लाटेत हललं की गळती तिथूनच लागते. असे तीन हजारांवर रिव्हेट या जहाजाला लागतात. ओकमधल्या टॅनिन या आम्लामुळे लोखंडाभोवती लाकूड निळं-काळं पडतं, तो डाग नव्या फळ्यांवरही लगेच दिसतो.

एक थर एका फळीत कधीच पुरा होत नाही. दोन तुकड्यांची टोकं तिरपी तासून एकमेकांवर बसवतात, आणि बाहेरचं टोक नेहमी मागच्या दिशेला ठेवतात. उलटं ठेवलं तर पुढे जाताना पाणी त्या कडेखाली घुसून सांधा उचकटतं.

वरच्या कडेवर वल्ह्यांचे खुंट. वल्हं 'आर', खुंट 'थॉल', दोन्ही आजही इंग्रजीत आहेत. वल्हेकऱ्याची बाकफळी 'थॉफ्टे', आणि एका बाकफळीवर बसणारा जोडीदार 'येथॉफ्ता'. हा शब्द पुढे सोबती, मित्र या अर्थाने सरसकट वापरला जाई. वल्ही मारताना शेजाऱ्याच्या लयीत लय मिळाली नाही तर वल्ही एकमेकांवर आपटतात, तेव्हा मैत्रीला नाव इथून मिळावं हे फार मनाला भिडलं.

शेडपासून पाच मिनिटांवर भरतीच्या पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी आहे. या जागी गिरणी असल्याची नोंद 1170ची, आजची इमारत अठराव्या शतकातली. भरतीचं पाणी तळ्यात अडवतात आणि ओहोटी लागली की सोडतात. चाक कधी फिरणार ते भरतीवर ठरतं, फलक पाहून या. जेवणाला धक्क्याजवळ फिश अँड चिप्स, किंवा धुरावला बांगडा आणि पाव. बांगडा आपल्या ओळखीचा असला तरी धुराची चव अगदी निराळी. शाकाहाऱ्यांसाठी भाजलेला बटाटा आणि चीज बहुतेक ठिकाणी मिळतं.

शुक्रवार: टाइन

दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो. इप्सविचहून पीटरबरोमार्गे न्यूकॅसल हा बरा मार्ग, लंडनला परत जायची गरज नाही. पीटरबरोला गाडी बदलायला अर्धा तास तरी ठेवा.

न्यूकॅसलला 'कील' या नावाच्या नौका चालत. उथळ, फुगीर पोटाच्या, नदीकाठच्या धक्क्यावरून कोळसा घेऊन नदीच्या मुखाशी उभ्या जहाजांपर्यंत नेणाऱ्या. एका कीलचं माप ठरलेलं होतं, आठ न्यूकॅसल चाल्ड्रन (कोळशाचं जुनं माप), म्हणजे एकवीस टनांहून थोडं जास्त. या नावाड्यांनी आपल्याच वर्गणीतून 1701मध्ये म्हाताऱ्या आणि आजारी सोबत्यांसाठी बांधलेली वास्तू सँडगेटजवळ उभी आहे. बाहेरूनच पाहावी.

जुन्या इंग्रजीत नौकेला 'चेओल' होतं हे वर आलंच. सहाव्या शतकातला गिल्डास हा धर्मगुरू लॅटिनमध्ये लिहितो की सॅक्सन लोक तीन नौकांतून आले, आणि त्या नौकांना ते आपल्या भाषेत काय म्हणत तेही देतो. तो हाच शब्द. इंग्रजीचे जे शब्द सर्वांत आधी कागदावर आले त्यांतला हा एक. पण टाइनवरचा 'कील' थेट त्याचा वारस नाही. तसा असता तर आज त्याचा उच्चार 'च'ने सुरू झाला असता. तो उत्तर समुद्रापलीकडून, डचांकडून, परत आला. जहाजाच्या कण्याचा 'कील' तर आणखी वेगळा, स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांचा. गाइडच्या तोंडून तिन्ही एकच म्हणून ऐकायला मिळतात, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

नदीच्या पलीकडे गेट्सहेडला डन्स्टनचा कोळसा-धक्का आहे, 1893चा, संपूर्ण लाकडी, युरोपातल्या सर्वांत मोठ्या लाकडी बांधकामांत त्याची गणना होते. अशा धक्क्याला इथे 'स्टेथ' म्हणतात. जुन्या इंग्रजीत 'स्टॅथ' म्हणजे काठ.

रात्री पीज पुडिंग खाऊन पाहा. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून घोटलेली, फोडणी न दिलेल्या घट्ट वरणासारखी, स्टॉटी नावाच्या चपट्या पावात भरून देतात. सोबत हॅम असतं. नको असेल तर आधी सांगा.

शनिवार: हार्टलपूल

न्यूकॅसलहून किनाऱ्याने जाणारी गाडी सुमारे पाऊण तासात हार्टलपूलला पोचते. डाव्या खिडकीची जागा धरा, समुद्र तिकडे आहे. स्थानकापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आरमारी संग्रहालय आणि त्याच्या गोदीत 'त्रिंकोमाली'. ब्रिटनच्या पाण्यावर तरंगणाऱ्या युद्धनौकांमधली ही सर्वांत जुनी. 12 ऑक्टोबर 1817ला मुंबईच्या गोदीतून ती पाण्यात उतरली. जमशेदजी बोमनजी वाडिया हे तिचे बांधणारे. 1816मध्ये कणा बसवताना त्यांनी पारशी रिवाजाप्रमाणे कोरीव चांदीचा खिळा ठोकला होता. वाडिया घराण्याचे लवजी 1736मध्ये सुरतेहून मुंबईत आले, तेव्हापासूनची ही परंपरा.

नेपोलियनच्या युद्धांनी इंग्लंडच्या ओकची टंचाई केली म्हणून काम मुंबईला आलं, आणि लाकूड मलबारचं सागवान. वुडब्रिजला ओकमधल्या आम्लाने लोखंडाभोवती पडलेले डाग पाहिलेत ना? सागवानात तेल असतं, ते लोखंडाला उलट सांभाळतं. कीडही कमी लागते. खालच्या मजल्यावर तुळया आणि फळ्या हाताशी येतात, धागा बारीक आणि रंग मधासारखा गडद, नवा घातलेला तुकडा शेजारी फिका दिसतो.

इथे जोडणीची रीत सटन हूच्या बरोबर उलटी. फासळ्या आधी उभ्या, फळ्या नंतर, आणि त्या एकमेकींवर न चढवता कडेला कड लावून. सांध्यांत जुन्या दोरांचा काथ ठासून वर डांबर. ही रीत दक्षिणेकडून आली आणि तिच्याबरोबर फ्रेंच-डच शब्दांचा लोंढा आला. पायाखालचा 'डेक' डचांचा. पण मॅस्ट, सेल, ओर, रोप, स्टारबोर्ड हे जुने ते जुनेच राहिले. 'रडर'ही जुन्या 'रोदर'चाच, तेव्हा तो वल्ह्याला म्हणत. सुकाणू कडेवरून मागे मधोमध गेलं तरी उजव्या बाजूचं नाव बदललं नाही.

पुढे 1986पर्यंत ही नौका 'फूद्रुआयाँ' या नावाने मुलांना दर्यावर्दीपण शिकवण्यासाठी वापरली गेली. डागडुजी 1990मध्ये सुरू झाली ती 2001पर्यंत चालली. खालच्या मजल्यांवर छत फारच ठेंगणं आहे, उंच माणसाने वाकूनच चालावं आणि पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी. जिने उभे आहेत, उतरताना तोंड जिन्याकडे ठेवा. गुडघ्यांचा त्रास असेल तर वरच्या डेकवरूनही बरंच दिसतं. तिथल्या माहीतगार सेवकांना सागवानाबद्दल विचारा, मुंबईहून आलोय म्हटल्यावर ते आवर्जून खालच्या मजल्यावरचे सांधे दाखवतात.

मुंबईत ही नौका जिथे घडली ती गोदी आजही वापरात आहे, पण नौदलाच्या आवारात असल्याने सर्वसामान्यांना पाहता येत नाही. वाडियांच्या हाताचं काम पाय ठेवून पाहायचं तर हार्टलपूलच गाठावं लागतं. निदान तीन तास ठेवा, आणि शक्यतो रविवार टाळा, कारण किनाऱ्याच्या मार्गावर त्या दिवशी गाड्या कमी असतात.